विसरल्यास उपाय नाही

आमच्या घरात बोललेल्यापेक्षा लिहिलेलं जास्त असायचं. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्यात एकवीस पाट्या. मी एकदा मोजल्या होत्या. सगळ्या बाबांच्या हातच्या. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर पांढरा कागद, काळी शाई आणि त्यांचं ते टपोरं, सरळ अक्षर. गिझरच्या बटणाशेजारी: 'हे बटण बंदही करता येते.' फ्रिजवर: 'काय हवे ते आधी ठरवावे. दार नंतर उघडावे.' पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला: 'किल्ली घेतली का? घेतली असे वाटणे पुरेसे नाही.'

पाहुणे यायचे, वाचायचे, हसायचे. काही जण वहीत उतरवून न्यायचे. आम्हा घरच्यांना मात्र त्या पाट्या दिसेनाशा झाल्या होत्या. भिंतीवरचा डाग कसा चार दिवस डोळ्यांत येतो आणि मग भिंतीचाच होऊन जातो, तसं. मी तर त्या पाट्यांखालीच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे मला त्या वाचायची सवयच राहिली नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यातून झालं.

बाबा सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मराठी टाइपरायटरवर त्यांची बोटं न बघता चालायची. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना कंपवात झाला. लोकांना वाटतं कंपवात म्हणजे नुसतं हात थरथरणं. ते असतंच, पण बाबांचं आधी अक्षर गेलं. ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं व्हायचं. गॅलरीच्या दारासाठी त्यांनी एक नवी पाटी लिहायला घेतली होती. लिहून झाल्यावर हातभर लांब धरून बघितली, त्यांची त्यांनाच वाचता येईना. त्यांनी तिचे चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. त्यानंतर घरात हाताने लिहिलेली नवी पाटी लागली नाही.

मग मी त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. मी नुकताच हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो होतो. त्या काळात पेठेतल्या दर दुसऱ्या घरातला मुलगा एकतर अमेरिकेत होता किंवा व्हिसाच्या रांगेत होता, आणि उरलेले आम्ही, रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊन अमेरिकेतल्या लोकांची कामं करत होतो. कॉम्प्युटरवर मी एक मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घातलं. पुण्यातल्याच दोन भागीदारांची छोटीशी कंपनी होती, तिने केलेलं. त्यातल्या कळा हुबेहूब जुन्या टाइपरायटरसारख्या लावलेल्या होत्या. पहिल्या दिवशी बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मनगटं घडी घातलेल्या पंच्यावर टेकवली आणि एक ओळ टाइप केली. हळू, पण न बघता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळी अक्षरं जागेवर आहेत."

त्यांनी आयुष्यात मला दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी महिनाभर त्यावर तरंगत होतो.

त्या सॉफ्टवेअरची एक भानगड होती, तीही इथेच सांगतो. त्याच्याबरोबर एक फ्लॉपी यायची आणि त्या फ्लॉपीत दोन परवाने असायचे. सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घातलं की एक परवाना फ्लॉपीतून निघून कॉम्प्युटरमध्ये जायचा. कॉम्प्युटर पुसायचा असेल, तर आधी फ्लॉपी घालून तो परवाना परत बोलवायचा. नाहीतर पुसण्याबरोबर तोही गेला. चोरून कुणी वापरू नये म्हणून ही युक्ती. आमची पहिली हार्डडिस्क एका उन्हाळ्यात अचानक बंद पडली, तिच्याबरोबर एक परवाना गेला. उरला एक. हे मला बाबांनीच सांगितलं होतं, मी हो हो म्हटलं होतं, आणि माझ्या डोक्यातून ते पार निघून गेलं होतं. बाबांच्या डोक्यातून काही जात नसे. त्यांनी कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याच्या, बाजूला कॉम्प्युटरवरच छापलेली एक पाटी चिकटवून टाकली. घरातली बाविसावी.

रोज दहा ते बारा ते बसायचे. आई विचारायची, "काय करता हो एवढं?" ते म्हणायचे, "काम आहे." आईला वाटायचं आठवणी लिहीत असतील, निवृत्त माणसं लिहितात तशा. मलाही तसंच वाटायचं.

ते काय लिहीत होते ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. ते आईसाठी लिहीत होते. आई काही अडाणी नव्हती, पंचवीस वर्षं शाळेत शिकवत होती. पण घरात दोघांची वाटणी पक्की होती. माणसं आईकडे, वस्तू बाबांकडे. गॅसचा नंबर लावणं, पाण्याचा व्हॉल्व्ह, फ्यूज, माळ्याचं कुलूप, कुठली किल्ली कशाची, नळवाला कुठे राहतो आणि तो किती वाजेपर्यंत शुद्धीत असतो, यातलं आईला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. आणि बाबांना स्वतःच्या आजाराचा अंदाज आला होता. आपण नसताना ही बाई या घरात कशी राहणार, हा त्यांच्यापुढचा एकच प्रश्न होता. तोंडाने सांगायची सोय नव्हती, कारण विषय काढला की आई म्हणायची, "भलतंसलतं बोलू नका," आणि उठून जायची. म्हणून ते लिहीत होते. फाइलचं नाव 'घर'.

आता माझा पराक्रम.

माझी बहीण तेव्हा अमेरिकेत, तिला नुकतीच मुलगी झालेली. आईचा जीव नातीत अडकला होता. ऑफिसमधले लोक कॅमेरा लावून घरच्यांशी बोलायला लागले होते, मीही एक कॅमेरा आणला. पण बाबांच्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम जुनी, ती त्या कॅमेऱ्याला ओळखच देईना. मी बाबांना म्हटलं, नवी सिस्टीम घालूया, मशीनही पळेल. ते म्हणाले, "मला कुठे पळायचंय? माझं चाललंय ते चालू दे." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

तर मी काय करावं? एका शनिवारी आईबाबा साताऱ्याला मुंजीला जाणार होते. मी आईला म्हटलं, मी येत नाही, तुम्ही परत येईपर्यंत करून ठेवतो. आईने मान डोलावली. तिला नात बघायची होती. ती दोघं सकाळी बसने गेली आणि मी शहाण्यासारखा कामाला लागलो. लग्नानंतर मी हिंजवडीच्या अलीकडे राहायला गेलो होतो, त्यामुळे त्या घरात दिवसभर एकटं असण्याची बऱ्याच वर्षांत वेळ आली नव्हती. मजेत होतो मी. चहा केला, गाणी लावली.

आधी मेमरी वाढवायची म्हणून कॅबिनेट उघडायचं होतं. बाजूच्या पत्र्यावर बाबांची ती पाटी आडवी येत होती. मी ती नखाने सोडवली, फाटू नये म्हणून अगदी हळू सोडवली, घडी घातली आणि खिशात टाकली. वाचली नाही. मग बाबांच्या सगळ्या फाइली एका सीडीवर उतरवून घेतल्या, कारण मी व्यावसायिक माणूस, माहितीची प्रत घेतल्याशिवाय कुठल्याही मशीनला हात लावत नाही. मग कॉम्प्युटर पुसला. नवी सिस्टीम घातली. संध्याकाळी कॅमेऱ्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि मी त्या तोंडाकडे बघून हसलो.

बाबा आठच्या सुमाराला आले. बूट काढून, पाय धुऊन, हळूहळू कॉम्प्युटरपाशी गेले. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. ते बघून म्हणाले, "हे काय?"

"नवी सिस्टीम, बाबा. तुमच्या फाइली सगळ्या आहेत. बघा."

त्यांनी फाइलींकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "परवाना परत घेतलास ना?"

मी म्हटलं, "कसला परवाना?"

माझ्या तोंडातून हे गेलं आणि त्याच क्षणी मला आठवलं. बाबांनी मान कलती करून कॅबिनेटच्या बाजूला बघितलं. तिथे चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले होते. "इथे लिहिलेलं होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता आत जाऊन पलंगावर बसले. आई दारात उभी होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं.

मी म्हटलं, "काढतो मी मार्ग. सॉफ्टवेअरच आहे ते, काही आभाळ कोसळलेलं नाही."

रविवारभर मी मार्ग काढला. सॉफ्टवेअर घालायला गेलो की एक चौकट यायची: शिल्लक परवाने शून्य. परत जुनी सिस्टीम घातली, ती मुकाट्याने आली, आणि चौकट तीच. बाबांच्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघितल्या. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठे उलटा स्वल्पविराम. चिन्हांचा काही नियम लागतो का म्हणून मी वही घेऊन बसलो, दुपारपर्यंत डोकं भणभणलं. मग लक्षात आलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीला कुलूप घालायची सोय होती आणि बाबांनी ती वापरली होती. आईच्या हाती लागू नये म्हणून. ते कुलूप त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणार, आणि ते सॉफ्टवेअर परवान्याशिवाय उघडणार नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सगळं दप्तर मी सांभाळत होतो, हजारो मैलांवरून. आणि बापाची एक फाइल मला उघडता येईना.

सोमवारी पेठेतूनच कंपनीची बस पकडली. बस वाकडच्या पुलाआधी अडकली ती अडकलीच. अर्धा तास एकाच जागी. मी रुमाल काढायला खिशात हात घातला तर ती पाटी हाताला लागली. शनिवारचीच पँट होती. घडी उघडून मी ती पहिल्यांदा वाचली.

'फॉरमॅट करण्यापूर्वी फ्लॉपी घालून परवाना परत घ्यावा. विसरल्यास उपाय नाही.'

पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला आमच्यासारख्याच चार बस. मला उतरून पळत सुटावंसं वाटलं. पळून कुठे जाणार होतो? मी पाटी पुन्हा घडी करून खिशात ठेवली आणि बस हलायची वाट बघत बसलो.

ऑफिसात पोचल्यावर त्या कंपनीचा नंबर शोधला. चार ठिकाणी विचारून दोघांपैकी एका भागीदाराचा फोन लागला. गृहस्थ सभ्य होते. "मराठीचं ते आम्ही बंद केलं हो," ते म्हणाले. "आता बाहेरची कामं घेतो. हिंजवडीत ऑफिस आहे आमचं, या कधीतरी." मी म्हटलं, मी हिंजवडीतूनच बोलतोय. पत्ता विचारला तर माझ्या खिडकीतून दिसणारी तिसरी इमारत निघाली.

"एक परवाना द्या," मी म्हटलं. "वडिलांचं काम अडलंय."

"परवाने काढायचं मशीनच राहिलं नाही. ऑफिस हलवलं तेव्हा जुनं सामान सगळं भंगारात दिलं." मग म्हणाले, "पण फ्लॉपीच्या पाकिटावर छापलेलं असायचं."

"आमच्याकडे कॅबिनेटवरसुद्धा लिहिलेलं होतं."

"मग?"

मी आभार मानून फोन ठेवला.

नव्या सिस्टीममध्ये मराठी लिहायची सोय आपोआपच होती. कुठली फ्लॉपी नको, परवाना नको. पुढच्या शनिवारी मी जाऊन नवी सिस्टीम पुन्हा घातली आणि ती सोय चालू करून दिली. बाबांनी मनगटं पंच्यावर टेकवली, न बघता एक ओळ टाइप केली आणि पडद्याकडे बघितलं. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं होतं. नव्यात कळा वेगळ्या लावलेल्या होत्या. मी तक्ता छापून समोर लावला. बाबा आधी तक्त्याकडे बघायचे, मग मान वळवून कळांकडे, मग पडद्याकडे, आणि तोवर शब्द कुठला होता तेच हरवायचं. मान वळवायलाही त्यांना वेळ लागत असे. आठवडाभर त्यांनी नेटाने प्रयत्न केला. मग एकदा म्हणाले, "चाळीस वर्षं जिथे 'क' राहायचा, तिथे आता दुसरंच कुणीतरी राहायला आलंय." त्यांनी पंच्याची घडी उलगडली आणि कीबोर्डवर अंथरली. त्यानंतर ते त्या खुर्चीत बसले नाहीत.

आईने दोन रविवार नात बघितली. तिसऱ्या रविवारी बहिणीचा फोन आला, कॅमेऱ्यासमोर ये म्हणून, तर आई म्हणाली, "नको. ह्यांचं काम गेलं त्याच्यात." मी समजावून सांगितलं की कॅमेऱ्याचा त्यात काही दोष नाही. ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं कॅमेऱ्याचा दोष आहे?"

त्याच रविवारी आई भजनाला गेल्यावर बाबांनी मला बोलावून फाइलीत काय होतं ते सांगितलं. सगळं सांगायला त्यांना पाचच मिनिटं लागली. मी ऐकत होतो आणि मला वर बघवत नव्हतं.

"किती झालं होतं लिहून?" मी विचारलं.

"झालंच होतं. बाथरूममागचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, तेवढं वाकून बघायचं राहिलं होतं. आता वाकता येत नाही."

"मी बघून ठेवतो," मी म्हटलं.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. दर रविवारी आई भजनाला गेली की मी दोनशे पानी वही घेऊन त्यांच्या पलंगाशी बसायचो, ते सांगायचे, मी लिहायचो. मी दहावीनंतर मराठीत पोस्टकार्डही लिहिलं नव्हतं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात बाबांचा आवाज खाली खाली जायला लागला होता, त्या आजारात तोही जातो. मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागायचा. पण भाषा त्यांची कचेरीचीच. एकदा मी घाईत 'नंबर लाव' असं लिहिलं, तर म्हणाले, "'लावावा'. मी हुकूम सोडत नाहीये, सूचना देतोय."

'माळ्याचे कुलूप: कडी वर उचलून मग किल्ली फिरवावी. जोर करू नये.'

'गॅसचे सिलिंडर: माणूस समोर असतानाच पाणी घालून तपासावे. संकोच करू नये.'

'माझे चष्मे एकूण तीन. कोणासही लागू पडणार नाहीत. टाकून द्यावेत, जपून ठेवू नयेत.'

'तुझी रक्तदाबाची गोळी: सकाळी चहानंतर. आठवण करून द्यायला मी नसेन, म्हणून डबी चहाच्या डब्यावर ठेवावी.'

हे शेवटचं लिहिताना मी खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत जाऊन आलो.

सगळं काही आठवत नव्हतं त्यांना. मधेच थांबायचे, डोळे मिटायचे. "फाइलीत होतं," म्हणायचे. "त्यात बरोबर होतं." आणि आम्ही पुढच्या सूचनेकडे जायचो. ज्या आठवड्यात ऑफिसात नवं काम सुरू व्हायचं, त्या रविवारी माझं जाणं व्हायचं नाही. असे किती रविवार गेले? बरेच गेले. मी फोन करून सांगायचो, पुढच्या वेळी दुप्पट लिहू. बाबा म्हणायचे, "ठीक." दुप्पट वगैरे काही होत नसे.

एका रविवारी ते म्हणाले, "लिही. संगणक."

मी लिहिलं. संगणक.

"बिघडल्यास स्वतः हात लावू नये. मुलास कळवावे. त्याला त्यातले समजते."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाबांचा टोमणा ओळखायची एक खूण होती, डावी भुवई जराशी वर जायची. आयुष्यभर मी त्या भुवईवरून हवा ओळखत आलो होतो. पण त्या आजाराने त्यांचा चेहराच थिजला होता. राग, हसू, सगळं एकच. भुवई जागची हलली नाही. मला टोमणा मारताहेत की खरंच म्हणताहेत, मला कळेना.

"हे असंच लिहू?" मी विचारलं.

"फाइलीत असंच होतं," ते म्हणाले. "बदलायचं कारण काय?"

मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत जरा बरं आलंय. मी मुद्दाम सावकाश लिहिलं होतं.

त्या फाइलीत दोनशेवर सूचना होत्या म्हणे. आमच्या वहीत एकशे बारा झाल्या. मग बाबांचा आवाज पूर्ण गेला. मी कान तोंडाशी नेला तरी नुसता श्वास ऐकू यायचा. ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करायचे, मी "व्हॉल्व्ह?" म्हणून विचारायचो, "डॉक्टर? फ्यूज?" आणि ते डोळे मिटायचे. माझ्यासारख्या माणसाला कोणी मुलाखतीत विचारलं असतं की दोन मशिनींचं एकमेकांशी बोलणं बंद पडलं तर काय कराल, तर मी दहा उपाय सांगितले असते. इथे एकही सुचेना. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले.

चौदाव्या दिवशी मी वही आईच्या हातात दिली. तिने तिथेच जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. रडली नाही. वाचताना एकदाच हसली, सिलिंडरपाशी. मग वहीला शाळेत घालतात तसं खाकी कव्हर घातलं आणि ती फ्रिजवर ठेवली. चष्मे टाकले नाहीत. गोळ्यांची डबी मात्र त्याच दिवशी चहाच्या डब्यावर गेली.

एका रविवारी मी गेलो तर बाथरूममध्ये बादल्या, पातेली, अगदी पुरणपोळीची परातसुद्धा पाण्याने भरून ठेवलेली. खालच्या मजल्यावरून आणलेलं पाणी. आमच्या टाकीत दोन दिवस पाणीच चढलं नव्हतं. "वहीत व्हॉल्व्हचं काही नाही," आई म्हणाली. "मी डावीकडे फिरवून बघितला, मग उजवीकडे. माझंच काहीतरी चुकत असेल म्हणून तुला सांगितलं नाही." मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. 'मी बघून ठेवतो' म्हटलं होतं मी. बघून ठेवलं नव्हतं. मी वाकलो, व्हॉल्व्ह फिरवला, पाणी आलं. उजवीकडे अडीच वेळा. ते मी वहीत लिहिलं, एकशे तेरावं. माझ्या मनाने लिहिलेली तेवढी एकच सूचना आहे त्यात.

त्यानंतर वर्षभराने, नात बोलायला लागली तेव्हा, आई पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसायला लागली. बसण्यापूर्वी कीबोर्डवरचा पंचा काढायची आणि झाल्यावर परत अंथरायची.

मग एका कामाच्या दिवशी सकाळी अकराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आई होती.

"कॉम्प्युटर सुरू होत नाहीये," ती म्हणाली. "काल तू काहीतरी नवीन घालून गेलास ना, तेव्हापासून."

मी घातलं होतं. त्या सिस्टीमची सुधारित आवृत्ती आली होती, आणि मला राहवलं नव्हतं.

"आई, मागची वायर जरा दाबून बघ. आणि पुढचं बटण दहा सेकंद दाबून धर."

"मी हात लावणार नाही."

"अगं, नुसतं बटण दाबायचंय."

"थांब," ती म्हणाली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. चपला वाजल्या, मग फ्रिजवरचं काहीतरी खडखडलं, मग पानं उलटल्याचा आवाज. माझ्या टेबलाशेजारी माझा साहेब मीटिंगला चल म्हणून खुणावत होता. मी हात वर करून त्याला थांब म्हटलं.

आई परत आली आणि तिच्या शाळेतल्या स्पष्ट आवाजात वाचायला लागली. "संगणक. बिघडल्यास स्वतः हात लावू नये. मुलास कळवावे. त्याला त्यातले समजते."

साहेब पुन्हा खुणावत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. "तुझंच अक्षर आहे हे."

"हो."

"ह्यांनी लिहून ठेवलंय म्हणजे तुला येत असणार. संध्याकाळी येऊन जा."

मी येतो म्हटलं.